नावाची ओळ

मैत्री आणि निशांत,

गेल्या रविवारी फोनवर मैत्रीनं विचारलं, "आजी, तुझ्या आवडत्या गायिका कोणत्या? आणि स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या कोणत्या?" तुमच्या शाळेत म्हणे मुली आपापल्या आवडत्या गायिकांची नावं सांगतात आणि त्यावरून जोरात भांडतात. भांडायला इतकं चांगलं कारण मला तुमच्या वयात मिळालं नव्हतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवला, खिडकीशी गेले, तर चौकात पोरं विजेच्या खांबावर चढून निळे झेंडे बांधत होती. एप्रिल लागला होता. मग फार विचार करावा लागला नाही.

रेडिओवरच्या मोठ्या गायिका मीही ऐकल्या आहेत. हॉस्टेलवर असताना कॉमन रूममधल्या रेडिओला कान लावून ऐकल्या, पगार सुरू झाल्यावर कॅसेटी घेऊन ऐकल्या. त्या कॅसेटी कपाटात ओळीनं लावलेल्या आहेत, टेप गुंतली तर फिरवायला शेजारी पेन्सिलही आहे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या आवडीची पहिली दोन नावं तुमच्या संगणकावर शोधलीत तर मिळणार नाहीत. एक गाणारी, एक लिहिणारी. इंदू आणि अनुसया. मिळत नाहीत यात त्यांना कमीपणा नाही. संगणकाला आहे.

आपल्याकडे एप्रिल म्हणजे जयंतीचा महिना. त्याच दिवसांत चैत्राची जोतिबाची यात्राही असते. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत, तुमचा बाबा पुण्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हा, मी शाळेतून घरी येताना रस्त्याच्या एका बाजूनं गुलालानं माखलेल्या माणसांचे ट्रक डोंगराकडे जात असायचे आणि दुसऱ्या बाजूला आमच्या पोरांची निळ्या पताकांची दोरी ताणायची घाई चाललेली असायची. मध्ये रसवंतीच्या चरकाचे घुंगरू. वळणावर डांबर इतकं मऊ झालेलं असायचं की चप्पल चिकटायची. आणि त्या वळणावरच अनुसयाचं शिलाईचं दुकान होतं.

दुकान म्हणजे फळ्यांच्या दाराची एक खोली. आत पायाचं मशीन, कापायचं लांब लाकडी टेबल आणि लग्नसराईमुळे छतापर्यंत गेलेले ब्लाउजांचे ढीग. अनुसया उंच, हाडापेरानं मोठी, कामाच्या दिवशीही केसांत अबोलीचा गजरा. तोंडात नेहमी टाचण्या. टाचण्या न काढता ती बोलायची, भांडायची, हसायचीसुद्धा. आणि गाणी करायची. मशीन चालू असलं की शब्द सुचत आहेत, मशीन थांबलं की अडलं आहे, हे गल्लीतल्या सगळ्यांना कळायचं. सुचलेलं ती शिंप्याच्या खडूनं टेबलावरच लिहून ठेवायची. दुपारी बायका जमल्या की त्या ओळी पाठ करून घ्यायच्या, कारण पुढचं कापड पसरलं की त्या पुसल्या जाणार हे ठरलेलंच.

दुपारी शाळा सुटली की मीही तिथे जाऊन बसत असे. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, पर्स मांडीवर ठेवून, मी ऐकायची. मला गाता येत नाही. ऐकता येतं, आणि ती काही लहान गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही.

अनुसयाला नम्रता ठाऊक नव्हती. "कोल्हापुरात माझ्यासारखं गाणं करणारं हाय का कोण? सांगा बघू, मॅडम," असं ती मला सरळ विचारायची. मी म्हणायची, नाही. ती म्हणायची, "मग झालं तर." हे मला फार आवडे. आमच्या घरात मुलींना शिकवलं होतं की कुणी वाखाणलं तर म्हणायचं, 'कसलं काय, बरं झालंय आपलं.' वर्गात पहिली आले तरी मी खाली बघत 'कसलं काय' म्हटलं होतं. पुढे इंग्रजीची पदवी घेतली, शिक्षिका झाले, तरी ते 'कसलं काय' जिभेवरून जाईना. आणि ही बाई टाचण्यांतून सांगत होती, माझ्यासारखी मीच.

इंदू तिच्या निम्म्या वयाची. सरकारी दवाखान्यात नर्स. ड्यूटी संपवून, पांढरी साडी बदलून ती यायची, मटक्यातलं पाणी घटाघटा प्यायची आणि टेबलाच्या कडेला टेकून उभी राहायची. तिचा आवाज कसा होता ते सांगणं अवघड आहे. गोड म्हणता येणार नाही. त्याला एक खरखर होती, नव्या मांजरपाटाला असते तशी, न धुतलेल्या. ती वरच्या सुरात जाताना आवाज बारीक करायची नाही. रेडिओवरच्या गायिका वर जाताना जिना हलक्या पावलानं चढतात. इंदू बादली घेऊन चढल्यासारखी चढायची, वजनासकट, आणि पाणी सांडू द्यायची नाही. श्वास घ्यायची तो ऐकू यायचा. तो लपवावा असं तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. त्या श्वासावरून समजायचं की आता मोठी ओळ येते आहे.

तिच्यामागे झील धरणाऱ्या सात-आठ जणी होत्या. झील धरणं म्हणजे मुख्य गाणारीनं ओळ सोडली की ती उचलून सगळ्यांनी मिळून म्हणणं. त्यांची पुढारी गंगक्का, चंदगडकडची, सासरी कोल्हापुरात येऊन तीस वर्षं झाली तरी आईला अव्वाच म्हणणारी. तिचा आवाज इतका खालचा की एकटीनं गायला कुणी कधी सांगितलं नाही. पण ती नसली की बाकीच्या बायकांचा आवाज पत्र्यावर पडलेल्या वाटाण्यांसारखा इकडेतिकडे पळायचा.

तुमच्या आजोबांना यातलं काही पटत नसे. ते सतारीचे भक्त. "हे संगीत नाही गं, या घोषणा आहेत," ते म्हणायचे. "तुझ्या बायकांना सूर सापडला की मला हाक मार." कॉलनीतले आमचेच शिकलेले लोक तर आणखी पुढचे. स्पीकर जरा हळू लावा, बाकीचे लोक नावं ठेवतात, असं सांगायला ते दर एप्रिलला विहारात जायचे. मला एका बाईंनी विचारलंसुद्धा, "मॅडम, तुम्ही इंग्रजी शिकवता आणि त्या शिंपिणीच्या दुकानात जाऊन बसता?" मी म्हटलं, "हो. रोज बसते."

सभ्य व्हायचं असेल तर पहिल्यांदा आवाज उतरवा, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलं. मी उतरवला. हॉस्टेलवर, कॉलेजात, स्टाफरूममध्ये. इतका उतरवला की मीटिंगमध्ये मी बोलले हे कधी कधी मलाच आठवायचं नाही. म्हणून ज्यांनी उतरवला नाही त्यांना मी कर्कश म्हणणार नाही, तुमच्या आजोबांच्या प्रेमाखातरही नाही. ते शेवटपर्यंत कर्कशच म्हणत राहिले. असो. सगळ्याच बाबतीत नवराबायकोचं पटायला हवं असं थोडंच आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

आपल्या गाण्यांत एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात गाणं लिहिणाऱ्याचं नाव येतं. त्याला आमच्याकडे साधं 'नावाची ओळ' म्हणतात. मी वर्गात इंग्रजी कविता शिकवायची, तिथे कवीचं नाव कवितेच्या बाहेर छापलेलं असतं, वर किंवा खाली. आमची गाणी छापली जात नाहीत. ती तोंडातून तोंडात जातात, म्हणून नाव गाण्याच्या पोटातच ठेवावं लागतं. ओळ राहिली तर नाव राहिलं. ओळ गेली की गाणं कुणाचंही.

आणि बायकांच्या गाण्यांत नाव यायचं ते रंगराव मास्तरांचं. मास्तर गायन पार्टीचे प्रमुख, पेटी वाजवायचे, चाली बांधायचे. पार्टीत जे गायलं जाईल त्यात प्रमुखाचं नाव, असा दंडक. त्यांना वाईट म्हणायची माझी तयारी नाही. वस्तीतल्या मुलींना गाणं कोण शिकवणार, असं सगळे विचारत होते तेव्हा त्यांनी शिकवलं. इंदू फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ती त्यांच्या पेटीशी बसली. बायकांची गाणी आपल्या नावानं म्हणवून घेण्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं, दारावरची पाटी पुरुषाच्या नावाची असते त्यात कुणाला गैर वाटत नाही तसंच.

वाटलं ते अनुसयाला. तिनं सरळ स्वतःचं नाव घालायला सुरुवात केली. दुकानात बायका तसंच म्हणायच्या आणि मास्तरांसमोर मास्तरांचं नाव घ्यायच्या. असे एकाच गाण्याचे दोन शेवट काही महिने सुखानं नांदत होते. मास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा ते दुकानात आले. मी स्टुलावर होतेच.

"अनुसया, तुझं नावच जुन्या वळणाचं," मास्तर म्हणाले. "आपल्या धम्मात शोभत न्हाई. घालायचंच असलं तर सुजाता घाल. चालीत मऊ बसतंय."

"नाव आईनं ठेवलंय," अनुसया टाचण्यांतून म्हणाली. "चाल तुमची हाय न्हवं? मग चाल बदला की."

मास्तर हसले. त्या दिवशी ते हसण्यावारी गेलं.

मग तिनं ते गाणं केलं. शाळेत जाणाऱ्या मुलीचं. कडवी साधी होती, दप्तर, पाटी, उन्हात तापलेली वाट, आई मशीनवर बसलेली आणि लेक कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत असलेली. "लेक निघाली शाळेला, उन्हं आली ओसरीला" असं ते सुरू व्हायचं. आणि शेवट असा होता:

सुई माझी, दोरा माझा, टाका माझा दिसतो का?
अनुसया गाते, तिचा शब्द कुणी पुसतो का?

मी आयुष्यभर कविता शिकवल्या. एवढा नेटका शेवट फार थोड्या कवितांना असतो. इंदू तो म्हणताना 'दिसतो का' हे जरा मागे ठेवायची, ठेका पुढे जाऊ द्यायची आणि मग मागून येऊन त्यावर पाय ठेवायची, प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघणाऱ्या माणसासारखी. आणि 'अनुसया' हे नाव एका दमात, एका उंचीवर. दुकानात तेवढ्यापुरतं मशीन थांबायचं. अनुसया स्वतःचं नाव ऐकताना मान वर करून ऐकायची. लाजायची नाही.

त्या एप्रिलमध्ये एक कॅसेटवाला मास्तरांकडे आला. पार्टीची कॅसेट काढू, बायकांची गाणी हवीत, आणि हे शाळेचं गाणं तर हवंच. वस्तीत आनंद झाला. दुकानातच झालेल्या तालमीला मास्तर म्हणाले, "कॅसेट गावोगाव जाणार. शेवटाला पार्टीचं नाव पायजे. 'रंगराव गातो, त्याचा', असं म्हणायचं." अक्षरं तंतोतंत बसत होती. चाल तसूभर हलवावी लागत नव्हती.

गंगक्का म्हणाली, "मास्तर, तुमी कवा सुई धरलीसा ओ?"

बायका खो खो हसल्या. मास्तर चिडले. मग त्यांनी एक तोड काढली. बाईचं नाव स्पीकरवर बरं दिसत नाही, तर नवऱ्याचं घालू, 'किसनची अस्तुरी' म्हणू. किसन म्हणजे अनुसयाचा नवरा, रिक्षा चालवायचा. तो दारातच उभा होता. तो म्हणाला, "मला कशाला मध्ये घेता? मी काय केलंय? मी फकस्त जेवताना ऐकलंय."

अनुसया हसली नाही. तिनं तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या.

"अस्तुरी कुनाची बी असू दे," ती म्हणाली. "गाणं माझं हाय."

"मग तुझं गाणं ऱ्हाऊ दे दुकानात," मास्तर म्हणाले.

तेव्हा इंदू मध्ये पडली. ही तिची पहिली कॅसेट. तिचा आवाज पहिल्यांदाच कुठेतरी टिकून राहणार होता आणि ज्यावर तो टिकणार ते हेच गाणं होतं. एका बाजूला शिकवणारे मास्तर, दुसऱ्या बाजूला अनुसया. ती अनुसयाजवळ गेली आणि अगदी खाली आवाजात म्हणाली, "अक्का, एवढ्या वेळंला म्हनू दे. फुडल्या खेपेला तुझं नाव."

अनुसयानं टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. "म्हण," ती म्हणाली. "पण मी बी येणार ऐकायला."

म्हणून आम्ही सगळ्याच गेलो. मलाही नेलं, कॅसेटवाला काही फसवाफसवी करू लागला तर बोलायला कुणीतरी असावं म्हणून. पहिल्या मजल्यावरची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडक्या बंद. आवाज नको म्हणून पंखाही बंद. एप्रिलची दुपार आणि आत पंधराएक माणसं. मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास, घामाचा वास, गाद्यांतल्या जुन्या कापसाचा वास. खाली, गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात त्या दूध कट्ट्यावर म्हशी यायला लागल्या होत्या. पहिल्याच टेकला एका म्हशीनं असा काही सूर लावला की रेकॉर्डिंगवाल्यानं हात वर करून सगळं थांबवलं.

"आमच्या झीलमध्ये ती न्हाय," गंगक्का म्हणाली.

त्यानंतर गाणं नीट गेलं. इंदू इतकी सुंदर गात होती की मी पर्सचा पट्टा घट्ट धरून बसले होते. शेवटचं कडवं आलं. इंदूनं डोळे मिटले आणि मास्तरांचं नाव घेतलं. आणि झील धरणाऱ्या बायकांनी, दुकानात महिनाभर म्हटलं होतं तसं, टाळ्यांच्या ठेक्यावर, जिभेच्या सवयीनं, पूर्ण ताकदीनं म्हटलं, "अनुसया गाते, तिचा..."

थांबवलं. मास्तर ओरडले, "झोपलाय व्हय गं सगळ्या?" बायका खरोखरच ओशाळल्या. चुकून झालं होतं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. एकजण म्हणाली, "मास्तर, तोंडच तसं वळतंय, काय करू?" तिसऱ्यांदा त्यांनी इतकी काळजी घेतली की निम्म्या जणींनी एक नाव घेतलं, निम्म्यांनी दुसरं आणि कडव्याचा खिचडा झाला. रेकॉर्डिंगवाला हसून हसून खुर्चीतून घसरला. अनुसया दाराशी उभी होती. गंगक्कानं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि मला वाटतं, चूक तिथे संपली. चौथ्यांदा त्यांनी जे केलं ते चुकून केलेलं नव्हतं. आठही जणींनी हनुवटी वर करून, मास्तरांकडे बघत अनुसयाचं नाव घेतलं.

"झील बंद," मास्तर म्हणाले. "शेवटाला एकटी इंदू म्हणंल. बाकीच्यांनी तोंड मिटायचं."

पाचव्यांदा सुरू झालं. इंदूचा चेहरा घामानं डबडबला होता. तिनं 'दिसतो का' म्हटलं, नेहमीसारखं मागे ठेवून. श्वास घेतला. तो मला ऐकू आला. आणि ती गप्प राहिली. पेटी वाजत होती, ढोलकी वाजत होती, नावाची जागा तशीच उघडी पडली होती. तिला मास्तरांच्या तोंडावर दुसरं नाव घेता येईना आणि त्यांचंही घेता येईना. एवढ्याशा वेळात एखादं माणूस किती लांब जाऊन परत येतं ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. मग गंगक्काचा खालचा आवाज आला, त्यावर बाकीच्या सात, आणि त्या मोकळ्या जागेत अनुसयाचं नाव आठ गळ्यांनी मिळून ठेवलं.

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "हे ठेवूया. हे लई भारी वाटतंय."

मास्तर उठले. पेटी उचलून जिना उतरून गेले.

कॅसेट आली. निळ्या कागदावर मास्तरांचा फोटो. आम्ही दुकानात जमलो, किसननं रिक्षातला टेप काढून आणला. शाळेचं गाणं लागलं. इंदूचा आवाज त्या लहानशा खोक्यातूनही खोलीभर पसरला. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी आलं आणि आवाज हळूहळू लहान होत गेला, कुणी दार लोटत असावं तसा, आणि पुढचं गाणं सुरू झालं.

"शेवट कुठं हाय?" अनुसया म्हणाली.

किसननं टेप मागे फिरवून पुन्हा लावली. पुन्हा दार लोटलं गेलं. मास्तरांचं नाव नव्हतं, हिचंही नव्हतं. कॅसेटवाल्याला विचारायला मी स्वतः गेले. तो म्हणाला, "मॅडम, पार्टी मास्तरांची. त्यांनी सांगितलं, शेवट काढा. आणि गिऱ्हाइकाला काय फरक पडतोय? गाणं तेवढंच हाय की." मी त्याला शांतपणे सांगितलं की गाणं तेवढंच नाही. शांतपणे सांगून फारसं काही होत नाही हे मला त्या दिवशी पुन्हा एकदा कळलं.

परवा चौकात हेच गाणं लागलं होतं. आता सीडीवर असतं, पोरांच्या मोबाईलवरही आहे. मी ओट्याशी भाजी चिरत होते. इंदूचा तो खरबरीत, तरणा आवाज कर्ण्यातून आला आणि माझे हात थांबले. आणि त्याच ठिकाणी, तसाच, तो बारीक होत गेला. पोरांना वाटतं गाणं असंच संपतं. माझ्या पिढीतल्या किती बायका मी अशाच संपलेल्या पाहिल्या आहेत. त्यांना गप्प बस असं कुणी म्हटलं नव्हतं. नुसतं बटण हळूहळू फिरवलं होतं. मी चाकू ठेवून खिडकीशी गेले आणि चांगल्या मोठ्यानं उरलेल्या दोन ओळी म्हटल्या. बेसूर म्हटल्या. शेजारच्या बाल्कनीतल्या काकूंनी वळून पाहिलं. पाहू देत.

त्या वर्षी अनुसयानं आठवडाभर गाणं केलं नाही. मशीन सारखं चालू असायचं, पण त्या चालण्यात नुसती शिलाई होती. बायका यायच्या, बसायच्या, जायच्या. इंदू आली की कोपऱ्यात उभी राहायची, पाणीही मागायची नाही. शेवटी एका दुपारी तीच रडवेली होऊन म्हणाली, "अक्का, मी म्हनायला पायजे होतं. तवाच, एकटीनं."

"म्हटलं असतंस तरी कापलं असतं," अनुसया म्हणाली. ती एका ब्लाउजाची बाही उसवत होती. "शेवटाला हाय म्हणून कापतात. काठ कापायला सोपा असतो." मग तिचा हात थांबला. तिनं बाही टेबलावर आपटली. "मग शेवटाला ठेवायचंच कशाला म्हंते मी?"

कुणालाच कळलं नाही. नावाची ओळ शेवटीच असते. आजे-पणजे तसंच गात आले होते.

"आधी घ्या," अनुसया म्हणाली. "नाव आधी, मग शाळा, मग पाटी. बघू कोण गाण्याचं डोस्कं कापतंय."

गंगक्का म्हणाली, "अगं, लोक म्हणतील बायकास्नी रीत म्हाईत न्हाय."

"म्हणू देत की. म्हाईत हाय म्हणूनच मोडतोय."

मी स्टुलावरून उठले. मला गाण्यातलं काही सांगायचा अधिकार नव्हता, पण मी म्हटलं, "बसेल. चालीत अगदी बरोबर बसेल." इंदूनं तिथल्या तिथे म्हणून पाहिलं. प्रश्नानं सुरू होणारं गाणं. तेच शब्द, पण पुढे आल्यावर त्यांची मान केवढी ताठ झाली. आधी ते गाणं संपताना विचारायचं, आता ते दार उघडतानाच विचारत होतं.

बुद्धपौर्णिमेला विहारासमोरच्या मैदानात कार्यक्रम होता. दिवे लागायची वेळ. पांढऱ्या साड्या, मोठ्या पातेल्यातली खीर, पश्चिमेला वळवाचे ढग आणि मातीचा आधीच सुटलेला वास. वंदना झाली. कॅसेट एव्हाना घरोघरी गेली होती, म्हणून निवेदकानं शाळेच्या गाण्याचं नाव घेताच मुलांनी टाळ्या पिटल्या. मास्तर पेटीवर होते. ते आले होते, कारण त्यांच्याशिवाय पार्टी उभी राहू शकत नाही असं त्यांना वाटत होतं आणि तोपर्यंत आम्हालाही तसंच वाटत होतं. अनुसया माझ्या शेजारी बसली होती. गजरा नवा. तिनं खिरीची वाटी दोन्ही हातांनी धरली होती.

मास्तरांनी सूर दिला. लोक "लेक निघाली" ऐकायला सरसावून बसले. इंदूनं माइक जवळ ओढला, श्वास घेतला आणि म्हटलं, "सुई माझी, दोरा माझा..."

मास्तरांची बोटं थांबली. "अगं ए," ते पुढे झुकून म्हणाले, आणि माइक जवळ असल्यानं ते सगळ्यांना ऐकू गेलं. "शेवटापास्नं काय सुरू करतीस?"

इंदू वळली. ज्या माणसानं तिला पहिला सूर दाखवला त्याच्याकडे तिनं सरळ पाहिलं.

"कापायला सोपं जाऊ नये म्हणून, मास्तर."

आधी बायका हसल्या, मग सगळं मैदान. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पेटीचा भाता दाबून बसवला आणि कडी लावली. ढोलकीवाल्यानं त्यांच्याकडे बघून हात आवरला. गंगक्का उठून उभी राहिली, तिनं तळहातांनी ठेका धरला आणि बाकीच्या तिच्यामागे उभ्या राहिल्या.

पेटीची कडी लागल्याचा खट् आवाज माइकमधून मैदानभर ऐकू आला होता. त्यानंतर अनुसयाचं नाव ऐकू आलं.